विटांचं अंगण: धुवायचं, वाळवायचं आणि मगच सील करायचं

तीन वर्षांपूर्वी दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात मी अंगणाला चकचकीत सीलर, म्हणजे विटेत पाणी मुरू न देणारा लेप, मारून घेतला. पाऊस नुकताच उघडला होता, विटा वरून कोरड्या दिसत होत्या आणि पेंटर म्हणाला, "आज मारू, उद्या तोरण बांधा." आठवडाभर अंगण असं झळकलं की शेजारच्या काकू चपला बाहेर काढून अंगणात आल्या. संक्रांतीला त्याच अंगणात पांढरे ढग उठले. होळीला कांद्याच्या सालीसारखे पापुद्रे निघायला लागले. पुढचा अख्खा एप्रिल मी थिनर आणि चिंध्या घेऊन उकिडवा बसून काढला.

सीलर चांगल्यातला होता. पण विटेच्या पोटात पावसाचं पाणी आणि क्षार तसेच होते आणि आम्ही वरून झाकण घातलं. मिरज-वाळवा पट्ट्यातल्या शेतकऱ्याला हे वेगळं सांगायला नको. काळ्या रानाला वर्षानुवर्षं पाणी पाजलं, निचरा नाही केला, की पाणी वर चढतं, उन्हात उडून जातं आणि मीठ मागे ठेवतं. रान क्षारपड होतं. वीटसुद्धा तशीच क्षारपड होते. रानात आपण निचऱ्याचे पाईप घालतो, वरून प्लॅस्टिक अंथरत नाही. अंगणाचंही तेच धोरण ठेवा.

आमचं अंगण वीस बाय बारा, म्हणजे २४० चौरस फूट. मिस्त्रीच्या भाषेत जवळपास अडीच ब्रास. जुन्या वाड्याच्या विटा, कचेवर, म्हणजे खडीच्या बारीक चुऱ्यावर, पालथ्या बसवलेल्या, सांध्यात वाळू. एवढ्या अंगणाला खरी मेहनत अडीच-तीन दिवसांची. बाकीचे दिवस नुसती वाट बघायची, आणि बहुतेक लोक तिथेच घाई करतात.

कधी हात घालायचा

सांगलीचा पाऊस तसा बेताचा, वर्षाला पाच-सहाशे मिलिमीटर. पण तो गेला म्हणून विटेतली ओल जात नाही. ऑक्टोबरचं ऊन वरची कातडी वाळवतं, पोट ओलंच राहतं. परतीचा पाऊस कधी टपकेल त्याचाही नेम नसतो. त्यात मुलांचा दिवाळीचा किल्ला याच अंगणात, आणि किल्ला मोडल्यावर त्याच्या चिखलाखालची वीट सगळ्यात उशिरा वाळते. म्हणून साधा हिशेब: किल्ला मोडला, तुळशीचं लग्न लागलं की धुणं काढायचं. सील डिसेंबर ते फेब्रुवारीत.

एप्रिल-मे टाळा. दुपारी वीट इतकी तापते की सीलर आत मुरायच्या आधी वरच उडून जातो. थंडीतही पहाटेचं दव असतं, त्यामुळे सकाळी दहाच्या आत ब्रश हातात घ्यायचा नाही. साताऱ्याच्या पश्चिमेला घर असेल तर आणखी थांबा. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. मेढ्याजवळ माझ्या आत्याचं घर आहे, तिथल्या अंगणातलं शेवाळ दिवाळीलाही हिरवंगार असतं. तिकडे जानेवारीआधी डबा उघडूच नये.

नवीन विटा बसवल्या असतील तर एक पावसाळा तसाच जाऊ द्या. विटेतलं आणि खालच्या कचेतलं जे काही मीठ वर यायचं ते येऊन जाईल.

आधी वीट ओळखा

दोन सुट्ट्या विटा एकमेकींवर आपटा. खणखणीत वाजल्या तर भाजणी पक्की. भद्द आवाज आला, नखाने ओरखडा उठला, तर वीट कच्ची. तिला जोराचं पाणी आणि तारेचा ब्रश दोन्ही सोसत नाहीत. आणखी खात्री हवी असेल तर एक कोरडी वीट वजन करून चोवीस तास पाण्यात बुडवा आणि पुन्हा वजन करा. भारतीय मानकाप्रमाणे साध्या बांधकामाच्या विटेने स्वतःच्या वजनाच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त पाणी पिऊ नये, म्हणजे तीन किलोच्या विटेने सहाशे ग्रॅमपर्यंत. त्याहून जास्त प्यायली तर सीलर तिलाही तसाच पाजावा लागेल. खर्चाचा अंदाज इथेच बांधून घ्या.

अंगणात विटा नसून सिमेंटचे झिगझॅग पेव्हर ब्लॉक असतील तरी पुढचं बहुतेक लागू पडतं. फक्त ॲसिडचा विषय निघाला की कान टवकारा, कारण ॲसिड सिमेंटच खातं.

कोरडं काम पहिल्यांदा

पाइप लावायची घाई नको. आधी खराट्याने कोरडं झाडून घ्या. आपल्याकडे थंडीत उसाचा हंगाम असतो, कुणी ना कुणी पाचट पेटवतं आणि काळी काजळी उडत अंगणात येते. ती कोरडी असताना सुपलीत सहज भरते. पाणी लागलं की तिचं काजळ होतं आणि विटेच्या रंध्रात जाऊन बसतं. रांगोळीचंही तेच, आधी झाडा.

मग खुरपं घेऊन सांध्यातली हरळी मुळासकट काढा. वरून ओरबाडली तर पंधरा दिवसांत पुन्हा हजर. हाताला येत नाही त्या मुळांवर उकळतं पाणी ओता. जिथे मुंग्यांनी सांध्यातली वाळू उपसून छोटे ढीग लावलेत तिथली वीट पायाने दाबून बघा. डुगडुगत असेल तर खाली पोकळ आहे. दोन स्क्रू-ड्रायव्हर दोन बाजूंनी घालून ती उचला, खाली मूठ-दोन मूठ कच टाका, शेजारणीच्या पातळीला आणून रबरी हातोड्याने ठोका. पाणी साचणारे खड्डेही याच वेळी उचलून घ्या. अंगणाला दहा फुटांत दीड-दोन इंच उतार असावा, घरापासून फाटकाकडे. तेवढा नसेल तर सीलरने काही साधणार नाही.

लोणा

विटेवर पांढरी भुकटी दिसते तो लोणा. बघितला की माणसाचा पहिला हात पाण्याच्या पाइपकडे जातो, आणि चूक तिथेच होते. मीठ पाण्यात विरघळतं, वीट ते पाणी पुन्हा पिते आणि चार दिवसांनी तोच लोणा परत वर. दिसायला मात्र धुतल्या धुतल्या अंगण एकदम स्वच्छ दिसतं, त्यामुळे आपण खूश.

तो कोरडाच घासून काढा. काथ्याचा किंवा कडक नायलॉनचा ब्रश घ्या. तारेच्या ब्रशचे बारीक तुकडे विटेत राहतात आणि पुढच्या पावसात गंजाचे ठिपके उठतात. घासलेली भुकटी सुपलीत भरून कचऱ्यात टाका, सांध्यात लोटू नका. आठ दिवसांनी पुन्हा येईल, पुन्हा घासा. आमच्याकडे पहिल्या खेपेला सुपलीभर निघाली, दुसऱ्यांदा मूठभर, तिसऱ्यांदा बोटावर घेण्याइतकी. ही उतरंड लागली म्हणजे वीट रिती होत चालली असं समजा.

दर वेळी तेवढीच येत असेल तर मीठ कुठून तरी नव्याने येतंय. दोन संशयित. एक, बागेचं किंवा बाथरूमचं पाणी अंगणाखाली मुरतंय. दुसरा, बोअर. आमच्या बोअरच्या पाण्याने बादलीला वर्षभरात पांढरा थर चढतो. त्याच पाण्याने रोज सडा घातला तर अंगणात रोज चिमूटभर मीठ पेरल्यासारखंच आहे. शेवटचं धुणं तरी नळाच्या पाण्याने करा.

घासूनही न जाणारी पांढरट झाक राहिलीच, तर एक लिटर पाण्यात पन्नास ग्रॅम लिंबूसत्व विरघळवा. आधी वीट साध्या पाण्याने भिजवून घ्या, म्हणजे आंबट पाणी आत न मुरता वरच काम करतं. मग ते लावा, पाच मिनिटं थांबा, घासा, भरपूर पाण्याने धुवा. हार्डवेअरच्या दुकानातलं ॲसिड मात्र आणू नका. मिस्त्री लोकांना ते फार प्रिय, बाटली उघडली की फेस येतो आणि काम झाल्यासारखं वाटतं. पण ते विटेचं तोंड खरवडतं, सांध्यातलं सिमेंट खातं आणि काही मातीच्या विटांवर नंतर हिरवट डाग उठवतं, जे या पांढऱ्या भुकटीपेक्षा चिवट असतात.

शेवाळ आणि पाणी

शेवाळाला सोपा उपाय गावात सगळ्यांना माहीत आहे, फक्त तो विहिरीत टाकतात: टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर. दहा लिटर पाण्यात साधारण दोनशे ग्रॅम, प्लॅस्टिकच्या बादलीत ढवळा आणि दोन-तीन तास तशीच ठेवा. तळाला चुना बसतो. वरचं निवळ पाणीच घ्या, नाहीतर लोणा काढून चुना लावल्यासारखं होईल. संध्याकाळी ऊन उतरल्यावर शेवाळावर शिंपडा, पंधरा मिनिटांनी घासून धुवा. त्याआधी तुळशीला आणि कडेच्या कुंड्यांना साधं पाणी भरपूर घाला आणि वृंदावनावर प्लॅस्टिक टाका. हातात मोजे, डोळ्यांवर गॉगल, अंगात जुने कपडे, कारण ज्यावर थेंब पडेल तो कपडा गेला.

एक गोष्ट अगदी निक्षून: टीसीएल आणि ॲसिड, मग ते लिंबूसत्व असो की व्हिनेगर, एकाच दिवशी अंगणात नकोत. दोन्ही भेटली की क्लोरीन वायू सुटतो आणि तो फुप्फुसाला इजा करतो. एक काम झालं की पाण्याने खळाळून धुवायचं, दुसरं दुसऱ्या दिवशी.

आता धुण्याचं यंत्र. तासगाव-मिरज भागात घरटी नाही तरी गल्लीटी द्राक्षबागेचा एचटीपी पंप, म्हणजे जोराच्या दाबाचा फवारणी पंप, सापडतो आणि लोक त्याचीच गन अंगणावर धरतात. धरा, पण बारीक धारेने नको. पंख्यासारखी पसरणारी धार, विटेपासून हातभर लांब, तिरकी, सांध्याच्या रेषेत कधीच नाही. पहिल्यांदा मी सरळ सांध्यात मारली आणि दहा मिनिटांत अर्धी वाळू फाटकाबाहेर रस्त्यावर. कच्च्या विटेला खराटा आणि बादलीच बरी. पंप तणनाशकासाठी वापरलेला असेल तर आणूच नका. कितीही धुतला तरी तुळशीजवळ नको.

पुराचा गाळ हे वेगळंच प्रकरण. २०१९ च्या पुरात गावभागातल्या मामांच्या अंगणात वीतभर गाळ बसला होता. तो ओला असतानाच पावड्याने ओढला तेवढा निघाला. कोपऱ्यातला वाळू दिला, त्याची फरशी झाली आणि काढताना विटांचे कोपरे उडाले. गाळ ओला काढा, राहिलेला साध्या धारेने पातळ करून लोटा. आणि पूर येऊन गेलेल्या अंगणाला त्या वर्षी सीलर लावायचाच नाही.

डाग

सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आमच्या अंगणाला ते त्याच्या बरंच आधी मिळालेलं होतं. हळकुंडं वाळत घातली, पोतं सांडलं, लग्नाची हळद लागली, की विटेवर पिवळा नकाशा. त्यावर धुण्याचा सोडा टाकाल तर तो पिवळ्याचा लाल होतो. कुंकू असंच तर करतात, हळदीला चुना देऊन. मी सोडा टाकला, आई ओट्यावरून बघत होती. म्हणाली, "आता त्याला हळदही वाहा." हळदीच्या डागाला ऊनच औषध. साध्या साबणाने धुवा आणि तो भाग उन्हात मोकळा सोडा. आठ-दहा दिवसांत उडतो.

तेलाला, म्हणजे दिव्याचं असो की मोटरसायकलचं, पाणी लावायच्या आधी मुलतानी मातीचा किंवा लाकडाच्या भुशाचा जाड थर द्या, रात्रभर दाबून ठेवा, सकाळी झाडा. दोनदा-तीनदा करा. मग गरम पाणी आणि भांड्याचा साबण. गॅस टाकीचं गंजाचं कडं लिंबूसत्वाने निघतं, वर सांगितलं तसंच.

वाळवण

धुतल्यावर किमान तीन-चार कोरडे दिवस द्या, विटा जुन्या आणि पाणीपित्या असतील तर आठ. हातावर विश्वास ठेवू नका. मी ठेवला होता. दोन बाय दोन फुटांचा स्वच्छ प्लॅस्टिकचा तुकडा अंगणाच्या सगळ्यात सावलीच्या कोपऱ्यात अंथरा आणि चारी कडा चिकटपट्टीने बंद करा. संध्याकाळी लावा, सकाळी बघा. आतून घाम आला असेल, खालची वीट शेजारणीपेक्षा गडद दिसत असेल, तर ओल अजून निघतेय. पुन्हा चार दिवस. आमच्या तुळशीमागच्या कोपऱ्यात ही परीक्षा तीनदा नापास झाली.

सांधे भरणे

विटा कोरड्या झाल्या की वाळू. चाळणीतून काढलेली, बारीक आणि पूर्ण कोरडी. ओल्या वाळूचे गोळे सांध्याच्या तोंडाशीच अडतात. नदीची नाही मिळाली तर बारीक क्रश सँड चालते, मात्र तिच्यातली पांढरी धूळ जास्त नको. आमच्या अडीच ब्रासला सव्वा ते दीड सिमेंटचं पोतं भरून वाळू लागली, सांधे वरचा इंचभर रिकामे होते तेव्हा. अंगणात ओता, खराट्याने तिरकी फिरवा, विटांवर फळी ठेवून हातोड्याने ठोका, बसली की पुन्हा ओता. विटेच्या तोंडापासून दोन-तीन मिलिमीटर खालीच थांबा. मग मऊ झाडूने विटांची तोंडं लख्ख साफ करा, कारण सीलरखाली राहिलेला वाळूचा कण कायमचा तिथेच राहतो.

वाळूत सिमेंट कालवून वर पाणी मारायची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. विटांवर करडा थर चढतो, सांधा पहिल्या उन्हाळ्यात तडकतो आणि पाणी खाली जायची वाट बंद होते. नकोच.

सीलर कोणता

दुकानात दोन जाती मिळतात. एक वर पापुद्रा धरणारा, ॲक्रिलिकचा, ज्याला ओला लूक म्हणतात. दुसरा आत मुरणारा, सिलेन-सिलॉक्सेनचा. तो मारल्यावर काहीच केलं नाही असं वाटतं. रंग तोच, चमक नाही, पण पाणी टाकलं की मोती होतात. विटेतली वाफ त्यातून बाहेर जाऊ शकते, म्हणून आपल्या खाऱ्या मुलखात मी दुसराच घ्यायला सांगेन. चकचकीत अंगण पावसात घसरतं, आणि त्यावर रांगोळीची रेघ टिकत नाही, वाऱ्याने सरकते. आमच्या घरी शेवटचा निर्णय याच मुद्द्यावर झाला.

आणि खरं सांगायचं तर वीट पक्की आहे, शेवाळ वर्षातून एकदा निघतंय, डागांची फार अडचण नाही, अशा अंगणाला सीलरची गरजच नाही. इथपर्यंतचं काम केलंत तरी अंगण झालं. डबा आणायच्या आधी विटेवर पाण्याचा थेंब टाका. मिनिटाभरात शोषला तर सीलर उपयोगी पडेल. बराच वेळ तसाच राहिला तर वीट घट्ट आहे किंवा जुना सीलर शिल्लक आहे, आणि नवा आत जाणारच नाही.

मारायचं कसं

चपलांच्या मांडणीखाली किंवा वृंदावनामागे दोन-तीन विटांवर नमुना मारून एक दिवस बघा. किती पितात तेही तिथेच कळतं. डब्यावर एका लिटरला किती चौरस फूट ते लिहिलेलं असतं, पण ते सहसा घट्ट पृष्ठभागाचं; आपल्या विटांनी आमच्याकडे लिटरला चाळीस फूटच दिले, म्हणजे एका हाताला सहा लिटर.

सकाळी दहानंतर, वारा कमी असताना सुरू करा. भिंतीचा खालचा फूटभर, वृंदावन आणि कुंड्या झाका. सर्वात लांबच्या कोपऱ्यातून फाटकाकडे मागे मागे सरका, नाहीतर स्वतःच कोपऱ्यात अडकाल. रुंद ब्रश किंवा रोलर चालतो. पाठीवरचा पंप वापरलात तर कमी दाबाने, आणि सॉल्व्हंटचा, म्हणजे थिनरसारख्या द्रवात कालवलेला सीलर असेल तर पंपाचे रबरी वायसर फुगतात हे लक्षात ठेवा. मुरणाऱ्या सीलरचा दुसरा हात पहिला ओला असतानाच द्यायचा असतो. ॲक्रिलिकचा पहिला वाळल्यावर. डब्यावर काय लिहिलंय ते वाचा, पेंटर काय म्हणतो ते नंतर ऐका. दहा मिनिटांत जे मुरलं नाही, जिथे थारोळं राहिलं, तिथे कोरड्या फडक्याने टिपून घ्या. तेच थारोळं पुढे चिकट पांढरा डाग होतं.

सॉल्व्हंटच्या सीलरची वाफ पेट घेते. त्या दिवशी अंगणात बिडी-सिगारेट नको, पाणी तापवायची चूल नको, आणि संध्याकाळचा तुळशीपुढचा दिवा देवघरातच लावा. आमच्या आईने हे ऐकायला थोडा वेळ घेतला. चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. पसरून उघड्यावर वाळवा आणि मगच फेका.

चोवीस तास पाय नको, तीन दिवस गाडी नको. मांजराला हे कोण सांगणार. आमच्या फाटकाजवळच्या तिसऱ्या विटेवर तिचा पंजा आहे.

पुढच्या वर्षी तुळशीच्या लग्नानंतर अंगणात एक तांब्या पाणी ओता, एकदा मधे आणि एकदा जिथून रोजची ये-जा आहे तिथे. मोती झाले तर डबा आणायचं काम नाही, खराटा पुरे. मधे मोती आणि वाटेवर गडद डाग असं झालं तर फक्त ती वाट परत मारा, बाकी अंगणाला हात लावू नका.